विद्यार्थ्यांच्या शॉर्ट फिल्मला एडिटिंगमध्ये साथ कशी द्यावी: ठाणे-नवी मुंबईत हे काम पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

ठाण्यापासून वाशी-नेरूळपर्यंत मास मीडिया शिकवणारी बरीच कॉलेजं आहेत आणि तिथली मुलं दर वर्षी शॉर्ट फिल्म करतात. शूटिंग उत्साहात पार पडतं. तलावपाळी, उपवन, येऊर, स्टेशनबाहेरची गर्दी, कुणाच्या तरी मावशीचा रिकामा फ्लॅट, सगळं टिपून होतं. मग फुटेज लॅपटॉपवर पडून राहतं, सबमिशनची तारीख जवळ येते आणि एडिटिंग करणाऱ्या ओळखीच्या माणसाला फोन जातो: "ताई, जरा बघाल का? नुसतं मार्गदर्शन हवंय."

असा फोन तुम्हाला पहिल्यांदाच आला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एडिटिंग तुम्हाला येतंच. दुसऱ्याच्या शेजारी बसून त्याच्याकडून ते करून घेणं, हे वेगळं काम आहे आणि त्याची स्वतःची शिस्त आहे. मी ज्या क्रमाने ते करते, तो क्रम पुढे देते आहे. त्यातली एकच गोष्ट माझ्यासाठी अटीसारखी आहे: माऊस मुलांच्या हातात राहिला पाहिजे. तुम्ही तो घेतलात की सीन पटकन सुधारतो, मुलं "वा!" म्हणतात, पण तो कट तिथेच का बसला हे त्यांना कळलेलं नसतं. पुढचा सीन ती पुन्हा जुन्याच पद्धतीने घेऊन येतात. शिवाय फिल्म हळूहळू तुमची होत जाते, आणि त्यांच्या वयाची, त्यांच्या गल्लीची जी गोष्ट फक्त त्यांनाच सांगता आली असती, ती तुमच्या सवयींच्या साच्यात बसते. हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

होकार देण्याआधी

तीन गोष्टी विचारून घ्या. सबमिशनची तारीख कोणती? एडिटिंगला नक्की कोण बसणार? आणि वाद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा? ग्रुप प्रोजेक्टमध्ये सहा जणांची सहा मतं असतात. टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या शॉट जोडायच्या पट्टीवर, एकच माणूस बसेल आणि निर्णय दिग्दर्शकाचा असेल, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरवून घ्या. एडिटर आणि दिग्दर्शक एकच असेल तर थोडं अवघड जातं, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

तारखेपासून उलटं मोजायला शिकवा. दहा मिनिटांच्या फिल्मला मी पाच आठवडे मागते: पहिला फुटेज बघून जोडणीसाठी, पुढचे दोन रफ कटसाठी (कच्चं संकलन), चौथा फाइन कट (बारकाईचं संकलन) आणि लॉकसाठी (यापुढे कट बदलायचे नाहीत असं ठरवणं), पाचवा आवाज, रंग आणि सबटायटलसाठी. मुलं हा शेवटचा आठवडा हमखास विसरतात. गणपतीचे दिवस मध्ये येत असतील तर ते आधीच वजा करा, त्या काळात कुणीही हाती लागत नाही.

भेटायला ठाणे सगळ्यांना सोयीचं पडतं. डोंबिवली-कल्याणची मुलं मध्य रेल्वेने येतात, घणसोली-कोपरखैरण्याची ट्रान्स-हार्बरने. जागा मात्र दार बंद होणारी हवी. कॉलेजची एडिट लॅब मिळाली तर उत्तम, नाहीतर कुणाच्या घरची एक खोली. कॅफेत बसून आवाजाबद्दल काहीच ठरवता येत नाही. हेडफोनच्या दोन जोड्या आणि एक स्प्लिटर सोबत ठेवा, म्हणजे दोघांना एकाच वेळी एकच गोष्ट ऐकू येते.

पहिली बैठक, लॅपटॉप बंद ठेवून

मी स्क्रिप्ट वाचत नाही. प्रेक्षकाला स्क्रिप्ट मिळत नसते, मग मला का मिळावी? एकदा वाचली की पडद्यावर नसलेली गोष्टही डोक्यातून भरून निघते आणि माझी नजर निकामी होते. म्हणून पहिल्या भेटीत मी दिग्दर्शकाला गोष्ट तोंडी सांगायला लावते. चार वाक्यांत: कोण आहे, त्याला काय हवंय, काय आडवं येतं, शेवटी काय बदलतं. ती वाक्यं त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या आणि खाली तारीख टाका. तिसऱ्या आठवड्यात सगळेच भरकटतात, तेव्हा हे पान उघडायचं असतं.

मग विचारा, "तुझ्या फिल्ममधला कोणता क्षण गेला तर फिल्मच उरणार नाही?" याचं उत्तर लगेच येत नाही. घाई करू नका. एखादी मुलगी खूप वेळ विचार करून म्हणते, "आई दाराची कडी लावते तो." तिच्या फिल्मचं केंद्र तुम्हाला सापडलं, आणि बहुधा तिलाही ते तेव्हाच सापडलेलं असतं.

फुटेजची घडी

हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे ढिलाई झाली तर पुढचं सगळं कोसळतं.

प्रती दोन हव्यात, दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरी. गर्दीच्या लोकलमधून एकुलती एक हार्ड डिस्क घेऊन फिरणारी मुलं मी पाहिली आहेत. एक प्रत घरी ठेवल्याशिवाय दुसरी बॅगेत टाकायची नाही, असा नियमच करा. ग्रुपमध्ये कुणाकडे विंडोजचा लॅपटॉप आणि कुणाकडे मॅक असेल, तर डिस्क एक्सफॅट फॉरमॅटमध्ये हवी. विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटची डिस्क मॅकवर वाचता येते, पण त्यावर काही लिहिता येत नाही, आणि फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. डिस्क रिकामी असतानाच फॉरमॅट करून घ्यायची, हे आवर्जून सांगा.

फोल्डरची नावं सगळ्यांना कळतील अशी ठेवा: फुटेज, आवाज, संगीत, प्रोजेक्ट, एक्सपोर्ट. फुटेजमध्ये शूटिंगच्या दिवसांप्रमाणे वेगळे फोल्डर. मूळ फाइलचं नाव बदलायचं नाही. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच फायनल' अशा नावांऐवजी तारीख आणि क्रमांक.

फोनवर शूट केलं असेल तर दोन गोष्टी पहिल्याच दिवशी तपासा. पहिली, फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपली जातात. बहुतेक फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत, तो किंचित कमीजास्त होत राहतो. वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज अशा क्लिपला सुरुवातीला नीट जुळतो आणि दोन-तीन मिनिटांनी ओठांच्या पुढे-मागे सरकायला लागतो. मुलांना वाटतं आपलंच सिंक चुकलं, आणि ती रात्रभर एकेक फ्रेम सरकवत बसतात. एडिटिंग सुरू करण्याआधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून सगळ्या क्लिप स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घेतल्या की हा त्रास सुरूच होत नाही. दुसरी गोष्ट, सगळं एकाच फ्रेम रेटला आहे का. कॅमेऱ्याचं २५, एका फोनचं ३० आणि ड्रोनचं २४ असं सर्रास असतं. टाइमलाइन कितीची ठेवायची हे आज ठरवा, कारण अर्ध्यात ती बदलणं डोकेदुखी ठरतं. आणि पुढच्या शूटसाठी हेही सांगून ठेवा: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइटखाली २५ फ्रेम आणि सेकंदाच्या ५०व्या हिश्श्याचं शटर ठेवलं तर चित्र लुकलुकत नाही.

लॅपटॉप अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनवायला शिकवा. एकदा शिकवलं की पुरतं. सॉफ्टवेअर कोणतं यावर वेळ घालवू नका. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती विद्यार्थ्यांच्या फिल्मला पुरून उरते.

सगळं फुटेज बघायचं, म्हणजे सगळं

मुलं ओके टेक, म्हणजे सेटवर पसंत झालेले प्रयत्न, तेवढे टाइमलाइनवर घेतात आणि बाकीचे उघडूनही बघत नाहीत. सेटवरचा ओके घाईत दिलेला असतो. लाइट जात असतो, वॉचमन हाकलत असतो, कुणाची तरी ट्रेन असते. शांतपणे बसून बघताना वेगळंच काही दिसतं. म्हणून एडिटरने पहिल्या क्लिपपासून शेवटच्या क्लिपपर्यंत, ॲक्शनच्या आधीचं आणि कटच्या नंतरचंही बघायचं आणि हाताने वहीत लिहायचं. काय आवडलं, कुठे आतून काही हललं, कुठे हसू आलं. ही पहिली भावना नंतर मिळत नाही. दहाव्यांदा बघताना नजर बोथट झालेली असते आणि तेव्हा ही वहीच उपयोगी पडते.

या टप्प्यावर तुम्ही सोबत बसू नका. त्यांना एकटं बघू द्या.

जोडणी

स्क्रिप्टच्या क्रमाने सगळे सीन एकामागे एक लावायचे. लांबीची चिंता नाही, संगीत नाही, ट्रान्झिशन नाही, रंगाला हात नाही. दहा मिनिटांची म्हणून लिहिलेली फिल्म इथे सतरा-अठरा मिनिटांची होते आणि दिग्दर्शकाचा चेहरा उतरतो. "ताई, फिल्म वाईट झालीय." त्याला मनापासून सांगा की जोडणी बघताना बहुतेक सगळ्यांना असंच वाटतं, भलेभले दिग्दर्शकही त्यातून जातात. त्या दिवशी एकही दोष दाखवू नका. फक्त एवढं विचारा की कोणता सीन बघताना तुला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी काम त्या सीनपासून सुरू करायला सांगा, पहिल्या सीनपासून नाही. एक सीन मनासारखा झाला की हुरूप येतो.

रफ कट: तुमचं खरं काम इथे आहे

रफ कट व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून मागवू नका, त्यात चित्र आणि आवाज दोन्ही दाबले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा ड्राइव्हची लिंक घ्या, आणि चित्राच्या कोपऱ्यात टाइमकोड, म्हणजे मिनिट-सेकंदांचा चालू आकडा, छापून घ्या. पहिल्यांदा सलग बघा. थांबवू नका, मागे नेऊ नका, मोबाइल बाजूला ठेवा. पहिल्यांदा बघणारा प्रेक्षक तुम्हाला एकदाच होता येतं.

बघून झाल्यावर मत देण्याआधी जे घडलं ते सांगा. मी हा क्रम पाळते. आधी मला समजलेली गोष्ट सांगते: "मला असं कळलं की हे दोघं भाऊ आहेत आणि मोठा घर सोडून चाललाय." तो मोठ्याचा मित्र असेल तर मुलांचे डोळे विस्फारतात. कुठे चुकलं हे मला सांगावंच लागत नाही, ती स्वतःच शोधायला लागतात. मग माझं लक्ष कुठे उडालं ते टाइमकोडसकट सांगते. मग कुठे गोंधळले ते. आणि मग प्रश्न. "इथे आपण कुणाच्या बाजूने बघतोय?" "ही माहिती इथे कळायला हवी की दोन सीन आधी?" उपाय सगळ्यात शेवटी, तोही त्यांनी विचारला तरच, आणि तेव्हाही एक नाही, दोन सांगायचे. एक सांगितला की तो हुकूम होतो. दोन सांगितले की त्यांना निवड करावी लागते, आणि निवड करायची म्हणजे कारण शोधावं लागतं.

एका भेटीत तीनच मोठे मुद्दे द्या. तुमच्या कागदावर तीस असतील. सत्तावीस खिशात ठेवा. त्यातले बरेच पुढच्या कटमध्ये आपोआप निघून जातात, कारण मुळातला मोठा दोष गेला की त्याच्याभोवतीचे छोटेही जातात. तीस मुद्दे हातात पडले तर मुलं सोपे आधी करतात, अवघड तसेच ठेवतात आणि तुम्हाला सांगतात की "पंचवीस झाले".

चांगलं काय आहे तेही नेमकं सांगा. "छान आहे" ऐकून कुणी काही शिकत नाही. "३ मिनिटं १२ सेकंदांवर तू बाबांच्या पाठीवर तसाच थांबलास, म्हणून मला त्यांचा चेहरा बघायची ओढ लागली." हे ऐकलेला मुलगा पुढच्या वेळी कुठे थांबायचं याचा विचार करतो.

एक सीन जवळून

एका फिल्ममध्ये कळव्याच्या चाळीतलं स्वयंपाकघर होतं. मुलीला बंगळुरूला नोकरी लागली आहे आणि ती आईला ते सांगते. आई पोळ्या लाटते आहे. फुटेजमध्ये एक वाइड (लांबून घेतलेला शॉट), आईचा क्लोज (जवळून घेतलेला) आणि मुलीचा क्लोज. एडिट करणाऱ्या मुलीने जो बोलेल त्याचं तोंड दाखवलं होतं. संवाद स्पष्ट, कंटिन्युइटी (शॉटमधली सलगता) चोख, आणि सीन निर्जीव.

"हा सीन कुणाचा?"

"आईचा."

"मग आई किती वेळ दिसते?"

तिने मोजलं. आई बोलतच फार कमी होती, त्यामुळे दिसतही फार कमी होती.

"पण ताई, ती तर गप्प आहे. गप्प माणसावर एवढा वेळ कसं राहायचं?"

"मुलीचं बोलणं आईपर्यंत पोचतं तेव्हा काय होतं, ते मला बघायचंय. आहे का तुझ्याकडे?"

नाही म्हणाली. वही उघडली, तर एका टेकपुढे तिनेच लिहिलं होतं: 'संवाद चुकला, एनजी, पण आई भारी.' एनजी म्हणजे 'नो गुड', बाद टेक. त्या टेकमध्ये कॅमेऱ्याबाहेर उभी असलेली मुलगी मध्येच अडखळली होती. आईचं काम करणाऱ्या बाई मात्र भूमिकेतच राहिल्या. लाटणं थांबलं, मग त्यांनी पोळीला उगाचच पीठ लावलं, आणि पुन्हा एकदा लावलं. टेक बाद झाला होता तो आवाजासाठी. चित्र पूर्ण चांगलं होतं. तिने मुलीचा संवाद दुसऱ्या टेकमधून उचलला आणि या चित्राखाली ठेवला. मी तेव्हा शेजारी बसून होते एवढंच. सीन झाल्यावर तिने तो पुन्हा पुन्हा लावून बघितला आणि मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे मुलीचा क्लोज लागतच नाही, शेवटचा सोडून."

आवाज एका टेकचा आणि चित्र दुसऱ्याचं चालतं, हे मुलांना माहीत नसतं. चित्राआधी आवाज येऊ शकतो किंवा चित्र बदलल्यावरही मागचा आवाज चालू राहू शकतो, म्हणजे जे-कट आणि एल-कट, हे त्यांनी व्याख्या म्हणून पाठ केलेलं असतं. असा एक सीन हाताखालून गेला की ते अंगवळणी पडतं.

या सीनमध्ये आणखी एक अडचण आली. आईच्या हाताची जागा दोन शॉटमध्ये जुळत नव्हती आणि मुलगी तेवढ्यासाठी चांगला शॉट टाकून द्यायला निघाली. अशा वेळी मी वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाचा हिशेब सांगते. कट ठरवताना त्यांनी सहा निकष मांडले आणि त्यात भावनेला एकट्याला ५१ टक्के वजन दिलं. जागेच्या सलगतेला ४ टक्के. आईचा चेहरा खरा वाटत असेल तर हात कुठे होता हे कुणी बघत नाही.

काढवत नाहीत असे शॉट

येऊरचा पहाटेचा ड्रोन शॉट. त्यासाठी सगळे साडेतीनला उठले होते, एकाची बाइक बंद पडली होती, वर पैसे काढून ड्रोन भाड्याने आणला होता. फिल्ममध्ये त्याची जागा नाही. मुलांना हे दिसत असतं, पण हात धजत नाही. त्यांच्या कष्टांची आधी दखल घ्या, कारण ते खरे आहेत. मग त्यांना सांगा की प्रेक्षकाला त्यातलं काहीच माहीत नसतं, त्याला फक्त शॉट दिसतो.

इथे एक साधी युक्ती चालते. कोणताही बदल करण्याआधी टाइमलाइनची प्रत काढायची, आणि काढलेले शॉट 'ठेवणीतले' नावाच्या वेगळ्या टाइमलाइनवर ठेवायचे. पुसायचं काहीच नाही. परत आणता येतं म्हटल्यावर हात मोकळा होतो. "फक्त उद्यापर्यंत काढून बघ" असं म्हटलं की बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी तो शॉट परत मागितला जात नाही. मागितला, तर ठेवू द्या. फिल्म त्यांची आहे.

एडिटर आणि दिग्दर्शक एकच असेल तिथे हा ताण दुप्पट असतो. अशा मुलाला फिल्मपासून तीन-चार दिवस लांब ठेवा आणि मग त्याच्यासोबत अशा माणसाला बसवा ज्याने काहीही पाहिलेलं नाही. बिल्डिंगमधले काका, दुसऱ्या वर्गातली मैत्रीण, कुणीही चालेल. कलाकारांचे आईवडील नकोत, ते आपलंच मूल बघतात. बघून झाल्यावर "आवडली का?" हा प्रश्न विचारायचा नाही, त्याला सगळे हो म्हणतात. "काय झालं ते सांगा" म्हणायचं आणि ऐकायचं. समजावून सांगायला तोंड उघडायचं नाही. दिग्दर्शकाने त्या वेळी पडद्याकडे न बघता बघणाऱ्याकडे बघावं. काका खुर्चीत कधी सरकले, कधी खिशातून मोबाइल काढला, हे सगळं टाइमकोडसकट लिहून ठेवण्यासारखं असतं.

आवाज

विद्यार्थ्यांची फिल्म सगळ्यात जास्त कुठे मार खाते, तर इथे. अंधुक चित्र प्रेक्षक चालवून घेतो, तुटका आवाज नाही.

आपल्या भागात शूट केलेल्या फुटेजमध्ये लोकलचा हॉर्न असतो, घोडबंदर रोडची वाहतूक असते, शेजारच्या कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाळी, पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस. वाइड शॉटमध्ये पाऊस आहे आणि क्लोजमध्ये तो थांबलाय, असं झालं की प्रत्येक कटला आवाज उडी मारतो आणि बघणाऱ्याला कट दिसायला लागतात. मुलं मग नॉइज रिडक्शनची कळ शेवटपर्यंत ओढतात, संवाद पाण्याखालून आल्यासारखे होतात आणि सगळ्यावर संगीत पसरलं जातं.

त्यांना उलट्या बाजूने यायला सांगा. सीनची स्वतःची एक पार्श्वभूमी बनवायची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग. त्या जागी तीस सेकंदांची रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज, घेतली असेल तर उत्तम. नसेल तर फोन घेऊन त्याच वेळेला त्याच जागी परत जायचं आणि दोन मिनिटं गप्प उभं राहून रेकॉर्ड करायचं. ठाण्यात राहण्याचा हा फायदा आहे, लोकेशन रिक्षाच्या अंतरावर असतं. तलावपाळीची संध्याकाळ स्टॉक लायब्ररीत मिळणार नाही. ही पार्श्वभूमी हलक्या आवाजात खाली घातली की वरच्या उड्या तिच्यात विरतात. संवादाच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना दोन-चार फ्रेमचा फेड (आवाजाचा हळूहळू चढ-उतार) द्यायचा.

कळव्याच्या त्या सीनमध्ये कुकरच्या शिट्ट्या वेगवेगळ्या टेकमध्ये वेगवेगळ्या शब्दांवर पडल्या होत्या. संवादावर आलेल्या शिट्ट्या टाळण्यासाठी तिने त्या ओळी दुसऱ्या टेकमधून घेतल्या, आणि एक स्वच्छ शिट्टी उचलून आपल्याला हवी तिथे ठेवली: मुलगी "पुढच्या महिन्यात" म्हणते आणि आई उत्तर द्यायला तोंड उघडते, बरोबर त्या क्षणी. आईला गॅस बंद करायला वळावं लागतं आणि उत्तर राहून जातं. दोषातून सीनचा सगळ्यात चांगला क्षण निघाला, आणि तो तिचा होता.

तपासायला दोन सराव द्या: संपूर्ण फिल्म एकदा आवाज बंद करून बघायची आणि एकदा चित्र बंद करून ऐकायची. आकडेही हवेत. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झचा, संवाद साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास आणि सगळ्यात मोठा आवाजही उणे ६ च्या वर नको. मिक्स हेडफोनवर, लॅपटॉपच्या स्पीकरवर आणि घरच्या टीव्हीवर, अशा तिन्ही ठिकाणी ऐकून बघायचा.

संगीत

रफ कटमध्ये गाजलेल्या गाण्याची धून टाकू देऊ नका. चार दिवसांत कानाला तिची सवय होते, कट तिच्या तालावर बसतात आणि ती काढली की सगळं उघडं पडतं. ठेवता तर येतच नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, आणि गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. क्रेडिटमध्ये नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असा मुलांचा ठाम समज असतो. तो वेळेवर दूर करा, नाहीतर फिल्म महोत्सवाला पाठवायच्या दिवशी धावपळ होते.

त्यापेक्षा क्लासमध्ये हार्मोनियम, बासरी, गिटार शिकणारं कुणी ओळखीत असतंच. त्यांना लॉक केलेली फिल्म दाखवा, वाजवून घ्या आणि एका कागदावर सहीनिशी परवानगी घ्या. परवानगीचाच विषय आहे तर हेही विचारून घ्या: प्लॅटफॉर्मवरचे शॉट रेल्वेची परवानगी घेऊन केले होते का? रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला ती लागते. घेतली नसेल तर त्या शॉटवाचून गोष्ट चालते का, हे रफ कटमध्येच बघायला हवं.

मराठी अक्षरं आणि सबटायटल

टायटलमध्ये जोडाक्षरं फुटलेली आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी गेलेली फिल्म मला फार लागते. आपली भाषा पडद्यावर नीट उमटायलाच हवी. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स विभागात 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' हे टेक्स्ट इंजिन निवडलं की अक्षरं सरळ होतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करायचा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये आलेला मजकूर इथे नुसता कचरा दिसतो. 'मुक्ता' किंवा 'बालू' हे मोफत युनिकोड फॉन्ट चांगले आहेत. शेवटी सगळी नावं मराठी नीट लिहिणाऱ्या एका माणसाकडून तपासून घ्या.

इंग्रजी सबटायटल एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको, आणि एका ओळीत साधारण ४० अक्षरं. शब्दाला शब्द उतरवण्यापेक्षा बोलण्याचा अर्थ पोचवायला सांगा. "जेवलास का?" यातला राग किंवा माया इंग्रजीत कशी येईल, यावर त्यांना भांडू द्या. या भांडणातून मुलांना आपलीच पात्रं जास्त कळतात.

लॉक झाल्यावर

लॉक म्हणजे लॉक. त्यानंतर एक फ्रेमही हलली तर आवाज, संगीत आणि सबटायटल तिन्ही हलतात, म्हणून लॉकच्या दिवशी दिग्दर्शकाकडून ग्रुपवर तसं लिहून घ्या. रंगात आधी सगळे शॉट एकमेकांशी जुळवायचे, मग वाटलं तर वेगळा रंग चढवायचा. पहिल्या कामातच अर्धा आठवडा जातो.

एक्सपोर्ट दोन करा: एक मोठी मास्टर फाइल प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या उच्च दर्जाच्या फॉरमॅटमध्ये आणि एक एच.२६४ या हलक्या फॉरमॅटमध्ये, दाखवण्यासाठी. सेमिनार हॉलच्या प्रोजेक्टरवर आदल्या दिवशी पूर्ण फिल्म लावून बघा. आवाज एकाच बाजूच्या स्पीकरमधून येणं आणि काळोखातले सीन पार दिसेनासे होणं, हे दोन घोटाळे तिथेच कळतात आणि एका संध्याकाळीत दुरुस्त होतात.

मुलं तुमचं नाव संकलनात टाकायचा आग्रह धरतील. ते आभारात असू द्या, संकलनाचं श्रेय टाइमलाइनवर बसलेल्याचं. आणि फिल्म दाखवून झाली की त्याच आठवड्यात प्रोजेक्ट फाइल, मास्टर, सबटायटलची फाइल आणि संगीताच्या परवानगीचा कागद एकाच फोल्डरमध्ये घालून दोन्ही डिस्कवर ठेवून घ्या. महोत्सवासाठी नवी आवृत्ती मागवली जाईल तेव्हा ग्रुपमधलं कुणी पुण्यात असेल, कुणी नोकरीत, आणि ती डिस्क कुणाच्या घरी आहे हे तुम्हाला विचारलं जाईल.